खरेदीखतापूर्वीं घराची डागडुजी
(महोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंबमेळाव्यांत केलेलें भाषण)



ज्या शब्दाच्या नांवानें आज आपण हा सोहळा साजरा करीत आहों, तो ‘ज्युबिली’ हा शब्द मूळच्या इब्री ‘योबेल’ या शब्दावरून आलेला आहे. जुन्या करारांतील लेवीय या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायांत योबेल वर्षाचा विधि सांगितला आहे. दर पन्नासाव्या वर्षीं विकलेली जमीन मूळच्या घराण्याकडे परत जावी, अशी ती व्यवस्था होती. परंतु त्याच अध्यायांत घराच्या विक्रीचाही नियम आहे, याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. तटबंदीच्या नगरांतील घर विकल्यास विकणारास तें सोडवून घेण्याची एक वर्षाची मुदत असे. ती टळली म्हणजे घर कायमचें घेणाराचें होई. खेड्यांतील घरांस मात्र शेताचा नियम लागू असे. तेव्हां ज्युबिलीच्या मंडपांत घराच्या खरेदीविक्रीबद्दल बोलणें हें अप्रासंगिक होय, असें कोणीं समजूं नये.

आमच्याकडे हा विषय आला त्याचें कारणही सांगतों. आपल्या खानदेशांतील पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबांनीं आयुष्याचीं वर्षें भाड्याच्या खोल्यांत, रेल्वेच्या चाळींत, इस्पितळांच्या आणि शाळांच्या आवारांतील क्वार्टरांत काढलीं. निवृत्तीचा दिवस आला, कीं क्वार्टर सोडावा लागतो आणि हातीं आलेल्या पैशांतून घर पाहण्याची घाई होते. ‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ असें आपले वाडवडील म्हणत आले. परंतु आतां पुष्कळांस घर बांधून पाहण्याऐवजीं बांधलेलें घर पाहून घ्यावें लागतें. आणि बांधलेलें घर हें बोलत नाहीं. त्याचे दोष त्याच्या रंगाखालीं असतात. ते केव्हां उकरावेत, कोणीं दुरुस्त करावेत आणि पैसे केव्हां द्यावेत, एवढ्याच प्रश्नांचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम आपल्या प्रांतांतील घरांचा स्वभाव ध्यानांत घेऊं. तापी, गिरणा, वाघूर, पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांतील काळी माती कापसाला आणि केळीला मातेसमान आहे. पण घराच्या पायाला ती सावत्र आहे. पावसांत ती पाणी पिऊन फुगते, आणि वैशाखांत आकसून तिला अशा भेगा पडतात, कीं त्यांत बोटें जावीं. पाया उथळ असेल, तर घर दरवर्षीं किंचित् उचललें जातें व किंचित् खचतें. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनें अशा मातीसाठीं तळाशीं फुगीर असे जमिनींत खोल जाणारे खांब वापरण्याची पद्धति तयार केली, यावरूनच ही माती किती अवघड आहे तें कळेल. त्यांत आपल्या जळगांव-भुसावळकडचा उन्हाळा! मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, स्लॅब दिवसा तापून फुगतो, रात्रीं आकसतो, आणि त्याच्या बारीक भेगांतून जूनचें पाणी आंत शिरतें.

धुळ्याची गोष्ट थोडी निराळी. इ.स. १८१८ नंतर कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानें वसविलेल्या पेठेच्या सरळ, क्रमांकांच्या गल्ल्या आजही आहेत. परंतु गांव पांझरेच्या कांठीं आहे, आणि १८७२ सालच्या पुरानें तेथील शेंकडों घरें वाहून गेलीं. म्हणून नदीकांठचें घर पाहतांना पुराच्या पाण्याची खूण कोठपर्यंत आली होती, हें शेजारच्या वृद्धांस विचारावें. खेड्यांतून अजून धाब्याचीं घरें आहेत. मातीच्या जाड भिंती, सागवानी खांब, तुळया, त्यांवर फळ्या आणि वर मातीचा थर, अशी ही रचना उन्हाळ्यांत सुखाची असते. पण दरवर्षीं पावसापूर्वीं वरची माती नीट करावी लागते. एक वर्ष हयगय झाली, कीं पाणी मुरतें, लाकूड ओलें राहतें आणि वाळवीस निमंत्रण जातें.

आतां आमच्याच घरची गोष्ट सांगतों. ती सांगण्यांत भूषण कांहीं नाहीं. परंतु दुसऱ्याच्या चुकीपेक्षां आपली चूक सांगितलेली अधिक उपयोगी पडते.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं जळगांवांत एक जुनें, दोन खोल्या आणि एक ओसरी असलेलें स्लॅबचें घर घेण्याचें ठरविलें. आखाजीचा सुमार होता. भिंतींना नवा पिवळा रंग होता, मोरींत नव्या फरशा होत्या. मधल्या खोलीच्या छताला एका कोपऱ्यांत पिंगट डाग दिसला. आम्हीं विचारलें, तेव्हां मालक म्हणाले, “भाऊ, गेल्या साली गच्चीवर टाकी भरून वाहिली, त्याचा डाग आहे. पावसाआधीं मी गच्ची करून देतों. माझा शब्द म्हणजे खरेदीखतच समजा.” मनुष्य वयोवृद्ध, बोलण्यांत आर्जव. आमच्या सौभाग्यवतींनीं हळूच सुचविलें, कीं काम होऊं द्यावें, मग सही करावी. आम्हीं त्यांना म्हणालों, “एवढ्या वयाच्या माणसावर अविश्वास दाखवणें शोभत नाहीं.” आठ दिवसांत खरेदीखत झालें, सारी रक्कम दिली, पेढे वाटले.

जून लागला, मालक आपल्या मुलाकडे परगांवीं गेले होते. जुलैच्या एका रात्रीं मोठा आवाज झाला. दिवा लावून पाहतों, तो मधल्या खोलींतील छताचा परातीएवढा तुकडा आमच्या मातोश्रींच्या खाटेवर पडलेला. त्या पाणी पिण्यासाठीं दोनच मिनिटांपूर्वीं उठल्या होत्या. वर पाहिलें तर सळया उघड्या पडून गंजानें पापुद्रे सुटलेले. तो डाग एका वर्षाचा नव्हता, पुष्कळ वर्षांचा होता. दुरुस्तीस घराच्या किंमतीच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक पैसे लागले. ते मुलीच्या शिक्षणासाठीं ठेवलेले होते, आणि तिला एक वर्ष घरीं बसावें लागलें. मालकांचा शब्द कोठेंही लिहिलेला नव्हता. त्यांनीं तो मोडला असें म्हणण्यापेक्षां आम्हीं तो लिहूनच घेतला नाहीं, असें म्हणणें अधिक खरें. आणि जिनें तो लिहून घ्या म्हटलें, तिचें आम्हीं ऐकलें नाहीं.

या अनुभवानंतर आम्हीं जें शिकलों, तें क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट पाहणीची. घर दोनदां पाहावें. एकदां उजेडांत, आणि जमल्यास एकदां पावसांत. उन्हाळ्यांत खरेदी करावयाची असेल, तर मालकाच्या संमतीनें गच्चीवर आणि मोरींत बोटभर पाणी अडवून एक दिवस ठेवावें व खालचें छत पाहावें. पाऊस जें जूनमध्यें सांगेल, तें हें पाणी मेमध्यें सांगतें. आपला नातेवाईक नसलेला, मालकाचाही नसलेला एखादा अनुभवी गवंडी किंवा अभियंता बरोबर न्यावा. त्याची फी ही घराच्या किंमतीपुढें कांहींच नसते. दारां-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या निघालेल्या भेगा पायाचें दुखणें दाखवितात. गिलाव्याच्या केसासारख्या भेगा बहुधा निरुपद्रवी असतात. भेग जुनी कीं वाढती, हें पाहावयाचें असेल, तर तिच्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा एक पट्टा लावून तारीख घालावी. कांहीं आठवड्यांत पट्टा तडकला, तर घर अजून हालत आहे असें समजावें. भिंतीला ओळंबा लावावा. छतावर हलक्या हातोडीनें ठोकावें. पोकळ आवाज आला, तेथें आंतील सळया गंजल्याचा संशय घ्यावा. भिंतीच्या पायथ्याशीं लोणा आणि पोपडे असतील, तर जमिनीतील ओल वर चढत आहे असें समजावें. लाकूड असेल, तेथें सुरी टोंचून पाहावी. वाळवीनें खाल्लेलें लाकूड बाहेरून गुळगुळीत असतें आणि आंत पोकळ. विजेच्या तारा किती जुन्या आहेत, अर्थिंग आहे कीं नाहीं, सांडपाणी गटारांत जातें कीं शेजाऱ्याच्या अंगणांत, हें पाहावें. आणि ताजा रंग कोठें एकट्याच कोपऱ्यास लावलेला आहे, तेथें अवश्य थांबावें.

इमारत जुनी असेल, तर आणखी एक गोष्ट. धुळें आणि जळगांव येथें २००३ पासून महानगरपालिका आहेत, आणि महानगरपालिकांच्या कायद्यांत ३० वर्षांहून जुन्या इमारतींच्या मजबुतीच्या प्रमाणपत्राची तरतूद आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतही १५ ते ३० वर्षें जुन्या इमारतीची दर पांच वर्षांनीं, व त्याहून जुनीची दर तीन वर्षांनीं संरचना-तपासणी सांगितली आहे. तेव्हां जुन्या इमारतींतील सदनिका घेणारानें संस्थेकडे शेवटचा अहवाल मागावा. तो नाहीं असें उत्तर आलें, तर तें उत्तरही एक अहवालच होय.

दुसरी गोष्ट निवडीची. सारे दोष एका मापाचे नसतात. घर उभें राहणें, पाणी न गळणें, वीज न मारणें आणि मैला नीट वाहून जाणें, या चार गोष्टींशीं ज्यांचा संबंध आहे, त्या दुरुस्त्या खरेदीखतापूर्वीं झाल्या पाहिजेत, किंवा त्यांचा हिशेब तरी झाला पाहिजे. रंग, फरशी, कपाटें, फुलझाडांचा कट्टा, हें आपण मागाहून आपल्या आवडीनें करावें. जो घेणारा कपाटाच्या दारासाठीं भांडतो आणि पायाची भेग सोडून देतो, त्यानें कापूस सोडून सरकी तोलली असें समजावें.

तिसरी गोष्ट, दुरुस्ती कोणीं करावी? याचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग असा, कीं विकणारानें सही होण्यापूर्वीं काम करून द्यावें. यांत घेणारास पूर्ण झालेलें काम पाहावयास मिळतें. पण धोका असा, कीं ज्याला घर सोडून जावयाचें आहे, तो स्वस्तांतला माल लावतो. म्हणून कोणतें काम, कोणत्या मालाचें, कोणत्या तारखेपर्यंत, आणि पाहून पसंत कोणीं करावयाचें, हें लिहून घ्यावें. ‘गच्ची दुरुस्त करून देईन’ एवढें लिहिणें पुरेसें नाहीं. ‘मधल्या खोलीवरील सैल काँक्रीट काढून, गंजलेल्या सळया साफ करून वा बदलून, नवें काँक्रीट व जलरोधक थर देऊन, पाणी अडवून तपासून देईन’ असें लिहावें.

दुसरा मार्ग असा, कीं किंमत कमी करावी आणि काम घेणारानें आपल्या हातानें करावें. आमच्या मतें बहुतेक वेळीं हाच मार्ग बरा. कारण ज्याला राहावयाचें आहे, तोच काम मनापासून करून घेतो. पण त्यासाठीं दोन स्वतंत्र कारागिरांकडून लेखी अंदाज घ्यावा, आणि थोडी रक्कम अधिक धरावी; भिंत उकरल्यावर आंत काय निघेल, हें कोणासही आधीं दिसत नाहीं.

तिसरा मार्ग असा, कीं कांहीं रक्कम राखून ठेवावी. सही झाल्यावरही कामें राहिलीं असतील, तर ठरलेल्या किंमतींतील एक भाग दोघांच्या विश्वासांतील तिऱ्हाइताकडे लेखी अटीनें ठेवावा आणि काम पुरें झाल्यावर तो विकणारास द्यावा. मात्र हें खरेदीखतांत स्पष्ट लिहिलें पाहिजे. कारण मालकी गेल्यावरही किंमत बाकी राहिली, तर विकणाराचा त्या मिळकतीवर बोजा राहतो, असा कायदा आहे.

या तिन्ही मार्गांची जागा साठेखतांत आहे, खरेदीखतानंतर नाहीं. येथें कायद्याच्या चार गोष्टी सांगणें भाग आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ सालचा आहे. त्याच्या ५४ व्या कलमाप्रमाणें साठेखतानें मिळकतींत मालकी येत नाहीं. ती खरेदीखतानेंच येते. म्हणून इसारा देऊन झाला, आतां घर आपलेंच, अशा समजुतीनें सहीपूर्वीं स्वखर्चानें दुरुस्ती सुरू करूं नये. व्यवहार फिसकटला, तर आपला पैसा परक्याच्या भिंतींत राहतो. तसेंच किल्ली आधीं घेऊन राहावयास जाण्याची घाईही जपून करावी. ताबा देणारें साठेखत हें १९५८ च्या महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमानुसार खरेदीखतासारखेंच समजून त्यावर तसें शुल्क घेतलें जातें.

त्याच कायद्याचें ५५ वें कलम प्रत्येक घेणारानें वाचावें. मिळकतींतील जो महत्त्वाचा दोष विकणारास ठाऊक आहे, घेणारास ठाऊक नाहीं, आणि साधारण काळजी घेऊनही जो घेणारास दिसणार नाहीं, तो विकणारानें सांगितलाच पाहिजे. करार झाल्यापासून ताबा देईपर्यंत शहाणा मालक आपल्या घराची जितकी काळजी घेईल, तितकी विकणारानें घेतली पाहिजे. विक्रीच्या दिवसापर्यंतची घरपट्टीसारखी सार्वजनिक देणींही त्याच्याच शिरावर असतात. परंतु मालकी आपल्याकडे आल्यावर घर पडलें वा बिघडलें, तर तें नुकसान घेणाराचें. ‘साधारण काळजी’ हे शब्द मात्र नीट ध्यानांत ठेवा. जो डाग डोळ्यांस दिसत होता आणि ज्याकडे आम्हीं पाहून पाठ फिरविली, त्याबद्दल कायदा आमच्या मदतीस फारसा येत नाहीं.

नवी सदनिका घेणारांस २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें अधिक आधार दिला आहे. नोंदणीकृत करारापूर्वीं विकासकास किंमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेतां येत नाहीं. आणि ताबा दिल्यापासून पांच वर्षांच्या आंत बांधकामाच्या रचनेंत वा कारागिरींत दोष दाखवून दिल्यास तो त्यानें तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. पण जुन्या घराच्या मालकास हा नियम लागू नाहीं. तेथें आपला करार हाच आपला रक्षक.

कित्येकांस वाटतें, बँकेनें कर्ज मंजूर केलें म्हणजे घर चांगलें. तसें नाहीं. बँकेचा मूल्यमापक बँकेचें कर्ज सुरक्षित आहे कीं नाहीं तें पाहतो. आपल्या मुलांच्या डोक्यावरचें छत तो ठोकून पाहीलच, असें नाहीं. दुय्यम निबंधकही दस्त नोंदवितात, घर नोंदवीत नाहींत. अमेरिकेंत सरकारी हमीच्या कांहीं गृहकर्जांत मूल्यमापकानें घराची सुरक्षितता आणि मजबुती पाहावी, आणि आवश्यक दुरुस्त्या व्यवहार पुरा होण्यापूर्वीं व्हाव्यात, असा दंडक आहे. आपल्याकडे तें काम घेणारानें स्वतःच करावें लागतें.

आतां विकणाराच्या बाजूनेंही पाहूं. कारण आज जो घेणारा आहे, तो उद्यां विकणारा होतो.

हा प्रश्न फार जुना आहे. रोमचा पंडित सिसेरो यानें इ.स.पूर्व ४४ मध्यें कर्तव्यांवर लिहिलेल्या ग्रंथांत एक उदाहरण घेतलें आहे : एक मनुष्य असें घर विकतो, कीं जें रोगट आहे, ज्याच्या खोल्यांत सर्प निघतात, ज्याचें लाकूड कच्चें आहे, आणि हें मालकाशिवाय कोणासही माहीत नाहीं. त्यानें सांगावें कीं न सांगावें? सिसेरोचा निकाल असा, कीं सांगावें. त्यानेंच एक खटलाही दिला आहे. रोममधील एका टेकडीवरील घराचा कांहीं भाग शकुन पाहणारांच्या आड येत होता, म्हणून तो पाडण्याची आज्ञा झाली. मालक क्लॉडियस सेंटुमालस यानें ही गोष्ट लपवून घर विकून टाकलें. घेणारास तीच आज्ञा झाली, आणि त्यास घर पाडावें लागलें. न्यायाधीश मार्कस केटो यानें निर्णय दिला, कीं विकणारास ठाऊक होतें आणि त्यानें सांगितलें नाहीं, म्हणून नुकसान त्यानें भरून द्यावें.

आपल्या ख्रिस्तसभेचे महान पंडित संत थॉमस अक्विनास यांनीं तेराव्या शतकांत आपल्या महाग्रंथांत हाच प्रश्न घेतला. ज्या दोषापासून घेणारास धोका वा नुकसान होईल, असा गुप्त दोष न सांगणें हें अन्यायाचें होय, असें ते सांगतात; आणि उदाहरणांत, मोडकळीस आलेलें घर मजबूत म्हणून विकणें, हेंही एक देतात. दोष उघड दिसणारा असेल आणि किंमत त्या मानानें उतरविली असेल, तर तो बोलून दाखविण्याचें बंधन नाहीं. पाहा, आपल्या ५५ व्या कलमांतील उघड आणि गुप्त दोषांचा भेद येथें किती आधीं मांडलेला आहे!

शास्त्रांतही घराच्या दुरुस्तीस जागा आहे. लेवीयच्या १४ व्या अध्यायांत भिंतीला चट्टा पडलेल्या घराचा विधि आहे : घर सात दिवस बंद ठेवून पुन्हां पाहावें, चट्टा पसरला असेल, तर तेथील दगड काढावेत, गिलावा खरवडावा, नवे दगड व नवा गिलावा लावावा, आणि तरीही चट्टा परतला, तर घर पाडावें. चट्ट्यावर रंग द्यावा, असें तेथें कोठेंही सांगितलेलें नाहीं. आणि अनुवादाच्या २२ व्या अध्यायांत नव्या घराच्या धाब्यास कठडा करण्याची आज्ञा आहे. कोणी पडून मेला, तर त्याच्या रक्ताचा दोष घरावर येऊं नये म्हणून.

हें सारें आम्हांस ठाऊक होतें; तरी आमची परीक्षा व्हावयाची होती. वडील वारल्यावर धुळें जिल्ह्यांतील आमचें धाब्याचें घर विकावयास काढलें. ओसरीच्या दोन तुळया वाळवीनें पोखरल्या होत्या. आम्हीं सुताराकडून भोंकें लांबीनें भरून घेतलीं आणि वर तेलरंग दिला. घर पाहावयास एक तरुण आला. शेतमजुरी करून आणि बायकोचे दागिने मोडून त्यानें पैसे जमविले होते. त्यानें वर पाहून विचारलें, “आबा, तुळया मजबूत आहेत ना?” आम्हीं म्हणालों, “बाबा, आमच्या वडिलांच्या काळच्या आहेत.”

आम्हीं खोटें बोललों नव्हतों. पण खरेंही बोललों नव्हतों. त्या रात्रीं झोंप आली नाहीं. जळगांवची ती खाट आणि तिच्यावर पडलेला तो तुकडा डोळ्यांपुढें येत होता. फक्त या वेळीं खाट दुसऱ्याच्या मातेची होती. जो मनुष्य आम्हांस शब्द देऊन परगांवीं गेला, त्याच्यांत आणि आमच्यांत अंतर तें काय उरलें? सकाळीं त्या तरुणास बोलावून सुरी हातीं दिली आणि म्हणालों, “येथें टोंचून पाहा.” तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग दोन्ही तुळयांची किंमत आणि मजुरी धरून रक्कम कमी केली, साठेखतांत तसें लिहिलें, आणि त्यानें राहावयास जाण्यापूर्वीं तुळया बदलल्या. त्या पैशानें आम्ही गरीब झालों नाहीं. आजही त्या गांवीं गेलों, तर त्याच ओसरींत बसून चहा घेतों आणि वर पाहतांना मान खालीं घालावी लागत नाहीं.

बंधुभगिनींनो, सारांश एवढाच. घेणारानें डोळे उघडे ठेवावेत, घरच्या माणसांचें ऐकावें, आवश्यक दुरुस्त्यांची यादी करावी, ती साठेखतांत लिहावी, आणि ती पुरी होईपर्यंत अथवा तिचा हिशेब होईपर्यंत सही करूं नये. लिहून मागणें हा अविश्वास नव्हे. दोघांचाही संबंध पुढें गोड राहावा, म्हणून केलेली ती तजवीज आहे. विकणारानें रंगाचा डबा उघडण्यापूर्वीं तोंड उघडावें. कायदा आपणांस कोठपर्यंत पकडूं शकेल, एवढेंच पाहूं नये. त्या घरांत उद्यां निजणाराचा चेहरा डोळ्यांपुढें आणावा.

येत्या वर्षांत आपल्यांतील ज्या कुटुंबांस स्वतःचें घर मिळणार आहे, त्यांच्या घराला आशीर्वाद देण्यासाठीं फादर येतील, तेव्हां छत कोरडें असो, भिंत सरळ असो, आणि ज्याच्याकडून तें घर घेतलें, तोही त्या दिवशीं पाहुणा म्हणून आनंदानें उंबरठ्याच्या आंत येवो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.